केबल काढून परत लावणं हा उपाय नव्हे

शिरूर आणि दौंड तालुक्यांत दूध संकलन केंद्रांवर आणि उसाच्या वजनकाट्यांवर हल्ली लहान लिनक्स बोर्ड बसवले जातात. असे बोर्ड पुरवणाऱ्या एका पुरवठादाराचं सूचनापत्रक माझ्यासमोर आहे. नाव लिहीत नाही, कारण हेच सांगणारे पुष्कळ आहेत आणि मला त्या मताचा समाचार घ्यायचा आहे. पत्रकाचा आशय असा. स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये कर्नलची वॉर्निंग दिसली तर दुर्लक्ष करावं. वजन किंवा फॅट येणं थांबलं तर यूएसबी केबल काढून परत लावावी. आणि पुढच्या आवृत्तीत या वॉर्निंग दिसणारच नाहीत, अशी व्यवस्था केली आहे.

या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दुसरी तर सरळ धोक्याची आहे, कारण ज्या क्षणी या बोर्डांवरचा यूएसबी ड्रायव्हर अडकतो तो क्षण नेमका केबल काढण्याचाच आहे. तिसरीला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. तिथे दोष दुरुस्त करण्याऐवजी दोष सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं आहे, आणि ग्राहकाला ते सुधारणा म्हणून विकलं जातंय.

ती वॉर्निंग कशाची आहे हे आधी नीट पाहू. तिचा मजकूर असा असतो: 'बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट'. म्हणजे जिथे थांबून राहायला मनाई आहे, तिथून कोणीतरी थांबू शकणारं फंक्शन बोलावलं.

काट्याच्या इंडिकेटरमधून अंक सिरीयल तारेने यूएसबी कन्व्हर्टरपर्यंत येतात, तिथून कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरकडून पावती छापणाऱ्या प्रोग्रॅमकडे. ड्रायव्हर कन्व्हर्टरकडे एक विनंती टाकून ठेवतो, तिला कर्नलच्या भाषेत अर्ब म्हणतात. डेटा आला की विनंती पुरी होते आणि ड्रायव्हरचं कंप्लीशन हँडलर नावाचं फंक्शन चालतं. ते डेटा उचलतं आणि तोच अर्ब पुन्हा टाकतं. हे हँडलर इंटरप्टच्या ओघात चालतं. त्याला स्वतःची प्रोसेस नसते. त्या वेळी प्रोसेसरवर जे काही चालू असेल ते बाजूला ठेवून, त्याच्याच जागेवर ते आपलं काम उरकतं. म्हणून त्याला झोपता येत नाही. झोपलं तर कोणाला झोपवणार आणि कोणाला उठवणार, याचा हिशेबच लागत नाही.

डेटाचा बफर एक, पण त्याला हात लावणारे दोन: एकीकडे हँडलर, दुसरीकडे प्रोग्रॅमच्या वतीने चालणारा ड्रायव्हरचा बाकीचा भाग. दोघांची गाठ पडू नये म्हणून कुलूप लागतं. म्यूटेक्स नावाचं कुलूप मिळालं नाही तर मागणारा झोपतो आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. स्पिनलॉक मिळालं नाही तर मागणारा प्रोसेसर तिथेच गिरक्या घालत उभा राहतो. हँडलरला झोपता येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर वाटून घ्यायचं कुलूप स्पिनलॉकच असावं लागतं. आणि स्पिनलॉक हातात असताना झोपायचं नाही, हा नियम तिथूनच आला. याची तुलना रेल्वेशी करता येईल. दौंडहून नगर-मनमाडकडे जाणारा लोहमार्ग कित्येक वर्षं एकेरी होता. एकेरी मार्गावर जुन्या पद्धतीत टोकन ज्याच्या हाती त्याचीच गाडी पुढे निघे. टोकन खिशात घालून चालक मध्येच झोपला, तर समोरची गाडी इंजिन धडधडत ठेवून जागच्या जागी उभी. तिचा चालक कितीही शहाणा असला तरी त्याच्या हाती काही नाही.

आता प्रत्यक्ष ड्रायव्हर. मी पाहिलेल्या या ड्रायव्हरच्या डिस्कनेक्ट फंक्शनमध्ये क्रम असा आहे: इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक घ्यायचं, 'उपकरण गेलं' अशी खूण करायची, मग यूएसबी_किल_अर्ब बोलवायचं, बफर मोकळा करायचा, आणि शेवटी कुलूप सोडायचं. वाचताना काही खटकत नाही. उलट सगळं कुलपाच्या आत आहे म्हणून सुरक्षितच वाटतं. पण यूएसबी_किल_अर्ब हे थांबणारं फंक्शन आहे. ते अर्ब रद्द करायला सांगतं आणि त्या अर्बचं हँडलर पुरतं संपेपर्यंत वाट पाहतं. त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर ते हँडलर सुरू झालेलं असेल तर ते काय करत असतं? बफरला हात लावायला तेच स्पिनलॉक मागत असतं. कुलूप किल_अर्ब बोलावणाऱ्याच्या हातात. तो हँडलर संपण्याची वाट पाहतोय, हँडलर कुलूप सुटण्याची. दोघंही जन्मभर उभे. वीसेक सेकंदांनी कर्नल सांगतो की अमुक प्रोसेसर अडकला आहे, पण ते वाचायला स्क्रीन जिवंत असली तर.

लॉगमध्ये याची खूण अगदी स्पष्ट असते. 'इन_ॲटॉमिक(): 1, आयआरक्यूज_डिसेबल्ड(): 1' असं लिहिलेलं असतं. पुढे प्रोसेसचं नाव येतं 'केवर्कर', आणि वर्ककू, म्हणजे मागे ठेवलेल्या कामांची रांग, यूएसबी हबची. पुरवठादाराने इथेच बोट ठेवलं: हा तर कर्नलचाच धागा, आमचा प्रोग्रॅम नाही, आमचा ड्रायव्हर नाही, दोष लिनक्सचा. हा युक्तिवाद मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकला आहे आणि तो टिकत नाही. केबल निघाली की हबची घटना हाताळणारा कर्नलचा धागाच ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन बोलावतो, त्यामुळे नाव त्याचंच दिसणार. इंटरप्टमधल्या चुकीत तर त्या घटकेला चालू असलेल्या कुठल्याही बिचाऱ्या प्रोसेसचं नाव छापलं जातं. नावावरून आरोपी ठरत नाही. खाली फंक्शनांची उतरंड दिलेली असते, ती वाचायची: सर्वांत वर तपासणी करणारं फंक्शन, त्याखाली यूएसबी_किल_अर्ब, आणि त्याखाली ज्याच्यापुढे चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव आहे ते डिस्कनेक्ट फंक्शन. ते मॉड्यूल पुरवठादाराचं आहे. कर्नल बांधताना प्रीएम्प्शनची तपासणी चालू ठेवली असेल तर 'प्रीएम्प्शन डिसेबल्ड ॲट' अशी आणखी एक ओळ येते आणि कुलूप नेमकं कुठे घेतलं तेही कळतं. कोण झोपायला गेलं आणि कोणी दार आधीच लावून घेतलं होतं, दोन्ही गोष्टी एकाच पानावर. इतका स्वच्छ पुरावा आमच्या धंद्यात क्वचित हाती येतो, आणि तोच पुसायचा सल्ला दिला जातोय.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा बचाव म्हणजे 'हे फार क्वचित होतं'. त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट, ही वॉर्निंग घडलेल्या अपघाताची नसून अपघाताच्या वाटेची आहे. थांबू शकणाऱ्या फंक्शनांच्या तोंडाशी मायट_स्लीप नावाची तपासणी बसवलेली असते. फंक्शन प्रत्यक्षात थांबलं की नाही, हे ती पाहत नाही. थांबण्याची शक्यता असलेली वाट मनाईच्या जागेतून जाते का, एवढंच पाहते. मेमरी मागताना जीएफपी_कर्नल, म्हणजे 'गरज पडली तर थांबेन', असं दिलं तर शंभरदा मेमरी लगेच मिळते, कोणी झोपत नाही. एक दिवस बोर्डाची मेमरी भरत येते आणि तेव्हा मागणाऱ्याला थांबावं लागतं. तपासणी नसती तर तो दिवस उजाडेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. दुसरी गोष्ट, लॉगमध्ये वॉर्निंग दोनदाच दिसली म्हणजे चूक दोनदाच झाली असं धरता येत नाही. लॉग भरून वाहू नये म्हणून कर्नल ही वॉर्निंग सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा छापतच नाही.

तिसरी गोष्ट पुरवठादाराच्या टेबलावरच्या बोर्डाची. तो बोर्ड एका कोअरचा असेल तर स्पिनलॉक जवळजवळ नावापुरतंच उरतं, कारण गिरक्या घालायला दुसरा प्रोसेसरच नसतो. हीच चूक तिथे सुखरूप पार पडते आणि चार कोअरच्या बोर्डावर यंत्र गोठतं. शिवाय प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलमध्ये, तपासणी बंद असेल तर, कुणाच्या हातात स्पिनलॉक आहे याची मोजणीच ठेवली जात नाही. तिथे वॉर्निंग आली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि चौथी गोष्ट आमच्या भागाची. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत यूएसबी केबल दिवसभर जागची हलत नाही. न्हावरे, पारगाव, वरवंड, केडगाव या पट्ट्यात वीज कधी जाते, कधी दाब खाली-वर होतो, शेजारी मोठी मोटर चालू-बंद होते, अर्थिंगची बोंब असते. यूएसबीला असा झटका बसला की हब उपकरण गेलं असं समजतो आणि पुन्हा ओळख करून घेतो. केबलला कोणी हातही लावलेला नसतो, पण ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन चालून गेलेलं असतं. प्रयोगशाळेत जी वाट चाचणीपुरती तुडवली गेली, ती इथे रोजची आहे. 'क्वचित' हा शब्द ज्या मोजमापावर उभा आहे ते मोजमाप इथलं नाही. त्यात भर म्हणून वर सूचना आहे की वजन थांबलं तर केबल काढा. म्हणजे अडकण्याच्या वाटेवर माणसाला मुद्दाम पाठवायचं.

चालू हंगामात दुरुस्त ड्रायव्हर येईपर्यंत केबल काढायचीच असेल तर आधी वजनाचा प्रोग्रॅम बंद करावा. मी पाहिलेल्या ड्रायव्हरमध्ये पोर्ट बंद करण्याची वाट कुलपाबाहेरून जाते. प्रोग्रॅम बंद झाला की अर्ब तिथेच थांबतात आणि नंतर केबल निघताना वाट पाहण्यासारखं काही उरत नाही. विजेच्या झटक्यावर मात्र याने काही साधत नाही.

पुढचा बचाव 'आम्ही पॅच दिला आहे' असा असतो. दिलेले पॅच मी वाचले आहेत. त्यांचे प्रकार ठरलेले आहेत.

एक म्हणजे जिथे जिथे जीएफपी_कर्नल आहे तिथे जीएफपी_ॲटॉमिक लिहिणं. हँडलरमधून अर्ब पुन्हा टाकताना जीएफपी_ॲटॉमिक द्यायलाच हवं, हे बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा अर्थ 'थांबू नकोस, नसेल तर नाही म्हण' असा आहे. मग 'नाही' आलं तर काय, हे लिहावं लागतं. या पॅचमध्ये परत आलेलं उत्तर तपासलेलंच नाही. मेमरी मिळाली नाही की अर्ब पुन्हा टाकला जात नाही, वाचन गुपचूप थांबतं, आणि ड्रायव्हरकडून लॉगमध्ये एक अक्षर उमटत नाही. गोंगाट करणारी चूक काढून मुकी चूक घातली. शिवाय हँडलरमधून यूएसबी_कंट्रोल_मेसेज बोलावलं असेल तर मेमरीचा प्रकार बदलून काहीच होत नाही, कारण ते फंक्शन उपकरणाच्या उत्तराची वाट पाहतं. मेमरी हा त्याचा मुख्य प्रश्नच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे एमस्लीप काढून एमडिले लिहिणं. वॉर्निंग जाते, कारण आता कोणी झोपत नाही. प्रोसेसर तेवढा वेळ जागेपणी रिकामी फेरी मारत बसतो, तेही इंटरप्ट बंद असताना. तिसरा प्रकार सर्वांत चलाख दिसतो: इन_ॲटॉमिक विचारून बघायचं, हो म्हणालं तर एक वाट, नाही म्हणालं तर दुसरी. कर्नलच्या सोर्समध्ये त्या मॅक्रोच्या डोक्यावरच स्पष्ट बजावलेलं आहे की ड्रायव्हरमध्ये याचा वापर करू नये, कारण प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलमध्ये हातात स्पिनलॉक आहे हे त्याला कळत नाही. चौथ्या प्रकाराला पॅच म्हणवत नाही. कर्नल बांधताना डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा पर्याय बंद करणं. पत्रकातली 'व्यवस्था' हीच.

नवा कर्नल आला की प्रश्न आपोआप सुटेल, असंही कोणी म्हणतं. 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीत रिअल-टाइम प्रीएम्प्शन मुख्य कर्नलमध्ये आलं आणि त्यात नेहमीचं स्पिनलॉक झोपू शकणारं कुलूप होतं, हे खरं. पण वरच्या उदाहरणात त्याने काय बदलतं? डिस्कनेक्ट हँडलरची वाट पाहतोय, हँडलर कुलपाची. गिरक्या घालण्याऐवजी दोघं झोपून वाट पाहतील, एवढाच फरक. वर्तुळ तसंच.

खरी दुरुस्ती लहान आहे. कुलूप घ्यायचं, 'उपकरण गेलं' ही खूण करायची, कुलूप सोडायचं. मग, हातात काही नसताना, यूएसबी_किल_अर्ब बोलवायचं. अर्ब पुन्हा कोणी टाकूच नये असं वाटत असेल तर यूएसबी_पॉइझन_अर्ब. हँडलरने प्रत्येक वेळी ती खूण पाहायची आणि उपकरण गेलं असेल तर नवा अर्ब टाकायचा नाही. हँडलर संपल्याची खात्री झाल्यावर बफर मोकळा करायचा. कुलूप सोडण्याची ओळ काही ओळी वर सरकते, एवढंच. जिथे हँडलरला उपकरणाशी बोलून उत्तर घ्यावंच लागतं, तिथे ते काम वर्ककूवर टाकायचं. ते नंतर साध्या प्रोसेसच्या संदर्भात चालतं, तिथे थांबायला मुभा असते. डिस्कनेक्टमध्ये ते काम रद्द करून संपेपर्यंत थांबायला विसरायचं नाही, नाहीतर उपकरण गेल्यावर ते उठून मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावेल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. हैदराबादच्या मॉसचिप कंपनीने एके काळी यूएसबीवरून सिरीयल आणि पॅरलल पोर्ट देणाऱ्या चिप बनवल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्या रुंद केबलने जोडतात तो पॅरलल पोर्ट. त्यांचा मॉस7720 हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे. पॅरलल पोर्टची स्थिती पूर्ववत करताना थांबता येत नाही, म्हणून त्यात न थांबता लेखन करण्याची बरीच खटपट होती: म्यूटेक्स मिळालं नाही तर लेखन मागे ठेवायचं आणि टास्कलेटमधून पाठवायचं. 2020 मध्ये डेव्हिडलोर बुएसो यांनी ती सगळी यंत्रणा काढली, काम वर्ककूवर टाकलं आणि तिथे साधं, थांबणारं लेखन केलं. कोड कमी झाला, वाचायला सोपा झाला. त्या वाटेवर वेगाची गरजच नव्हती. गरज होती ती काम योग्य जागी हलवण्याची. आमच्या काट्यावर तर सेकंदाला मोजके आकडे येतात. तिथे वर्ककूचा वेळ परवडत नाही असं म्हणणाऱ्याने काटा पाहिलेला नाही.

ही चूक आळशी किंवा अडाणी माणसांची आहे, असंही मी म्हणणार नाही. 2011 मध्ये 2.6.39 आवृत्तीत निघेपर्यंत कर्नलमध्ये एक मोठं सामाईक कुलूप होतं, आणि ते हातात ठेवून झोपलं तरी चालायचं. झोपताना कर्नलच ते सोडून देई आणि उठल्यावर परत घेई. त्या काळातला कोड बघून लिहिणाऱ्यांच्या हाताला तीच सवय लागली. 2018 मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्रान्समधल्या ज्युलिया लॉवाल यांच्यासह कर्नलचे ड्रायव्हर या एकाच चुकीसाठी तपासले, आणि नावाजलेल्या, अनेकांनी तपासून घेतलेल्या कोडमध्ये ती शेकड्यांनी सापडली. चूक होणं समजण्यासारखं आहे. सापडल्यावर लपवणं समजण्यासारखं नाही.

'एवढं काय बिघडतं, मशीन बंद करून चालू करायचं', हे वाक्य ज्यांना तोंडावर येतं त्यांनी एकदा गाळपाच्या हंगामात काट्यावर उभं राहावं. भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, ऊस उतरल्यावर रिकाम्या ट्रॉलीचं होतं, आणि वजाबाकी शेतकऱ्याच्या खात्यावर पडते. बोर्ड पूर्ण गोठला तर निदान कळतं. वाचन गुपचूप थांबलं, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आकडा किती जुना आहे हे तपासलं नसेल, तर स्क्रीनवर आधीच्या गाडीचं वजन तसंच राहतं आणि पुढच्या गाडीच्या पावतीवर छापलं जातं. दूध केंद्रावर सकाळी रांग असते. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली पॉइंटला पैसे कापले जातात. आधीच्या कॅनचा फॅट पुढच्या माणसाच्या नावावर पडला तर ते कोणाच्या लक्षात येणार? 2009 च्या वैधमापन कायद्याखाली काट्याची दरवर्षी पडताळणी होते, शिक्का बसतो. इंडिकेटर बरोबर असतो, शिक्का खरा असतो, आणि तरी पावती खोटी निघते. 'काटा मारला' ही तक्रार आमच्याकडे जुनी आहे, तिला कारणंही आहेत. अशा वातावरणात प्रामाणिक काटेवाल्यावर ड्रायव्हरच्या चुकीमुळे संशय आला तर त्याने स्वतःला निर्दोष कसं ठरवायचं? त्याच्याकडे पुरावा एकच असता, कर्नलचा लॉग. त्यातली वॉर्निंगच पुढच्या आवृत्तीत बंद होतेय.

शेवटचा बचाव हळू आवाजात येतो: हे कर्नलचं काम बंगळुरू-पुण्यातलं, इथे कोण करणार. हे ऐकलं की मला राग येतो. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या मुलांना हाताने करता करता शिकवायचं, हे त्यांचं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने 2002 मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक, आणि तिथे दूध तपासण्याच्या आणि डिझेल इंजिनचं ट्यूनिंग करण्याच्या उपकरणांवर काम झालं. ज्या तालुक्यात वीस वर्षांपूर्वी दुधाच्या उपकरणाचं सर्किट तयार होत होतं, तिथे दुधाच्या उपकरणाचा ड्रायव्हर कोणी वाचू शकणार नाही, हे गृहीत धरायचा अधिकार कोणी दिला? रांजणगावच्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आमची शेकडो मुलं-मुली आहेत. लॉगमधली फंक्शनांची उतरंड वाचायला, कुलूप कुठे घेतलं आणि कुठे सोडलं हे सोर्समध्ये शोधायला सी भाषा आणि चिकाटी लागते. दोन्ही इथे आहेत. अडतं ते सोर्स हातात नसल्यामुळे.

पुरवठादारांचं एक म्हणणं मला मान्य आहे. कुलपांची संपूर्ण तपासणी करणारा कर्नल जड असतो, काट्यावरच्या लहान बोर्डावर तो कायम चालवता येणार नाही. कोणी तसं मागतही नाही. झोपेची तपासणी त्या मानाने हलकी आहे, ती चालू ठेवायला हरकत नसावी. आणि ती नको असेल तर माल बाहेर पडण्याआधी चाचणी तरी पूर्ण तपासणीच्या कर्नलवर, एकाहून अधिक कोअरच्या बोर्डावर घ्यावी. वजन येत असताना ड्रायव्हर रात्रभर जोडायचा-सोडायचा, मेमरी मुद्दाम नाकारून बघायची, हब बंद-चालू करायचा. कर्नलमध्ये यासाठी लागणारी सगळी साधनं फुकट आहेत. खर्च वाढेल ही ओरड म्हणूनच पटत नाही. वाढतो तो एका रात्रीचा वेळ.

दूध संस्था, कारखाने आणि खासगी काटेवाले यांनी खरेदीच्या अटींत दोन ओळी घालाव्यात: चाचणीचा संपूर्ण लॉग मिळाला पाहिजे, आणि बसवलेल्या आवृत्तीचा ड्रायव्हरचा सोर्स मिळाला पाहिजे. दुसरी अट मेहेरबानी म्हणून मागायची नाही. यूएसबी_सबमिट_अर्ब आणि यूएसबी_किल_अर्ब ही दोन्ही फंक्शनं कर्नल फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलनाच वापरू देतो. ती वापरणारा ड्रायव्हर विकला की जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार सोर्स सोबत द्यावा लागतो, किंवा मागेल त्याला तो देण्याची निदान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी. पुढच्या गाळपाआधी ती हमी लेखी मागून घ्या.